किमान देय रक्कम

४ मार्च

बँकेतल्या मुलीने आज मला आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "आजी, घरचं कुणी सोबत आलंय का?" समोरच्याला एकाएकी इतका आदर दाखवला जातो तेव्हा बातमी वाईट असते. वकिलाच्या कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखन करताना मी हे रोज पाहिलं आहे.

मी गेले होते कार्डाचे उरलेले दोन हप्ते एकदम भरून हिशेब मिटवायला. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या उरलेल्या दोन वर्षांची फी आणि एक लॅपटॉप असे एक लाख दहा हजार या क्रेडिट कार्डावर घातले होते. फी एकरकमी भरली की दहा टक्के सूट होती आणि सूट सोडून देणं माझ्या रक्तात नाही. त्यानंतर बिलावर चौकटीत छापलेली 'किमान देय रक्कम' मी दर महिन्याला तारखेच्या तीन दिवस आधी भरली. चौतीस महिने, एकदाही न चुकता. तीन वर्षांचे छत्तीस हप्ते, म्हणजे राहिले दोन, असं मी धरून चालले होते.

मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आजवर भरलेले एक लाख बासष्ट हजार. अजून देणं एक्याऐंशी हजार सातशे.

"हे हप्ते नव्हते, आजी. ही कमीत कमी भरायची रक्कम. त्यातली बहुतेक व्याजातच जाते."

मी म्हटलं, "मग तसं लिहायचं."

"लिहिलंय," ती म्हणाली. "मागच्या पानावर."

५ मार्च

चौतीसच्या चौतीस बिलं काढून टेबलावर मांडली. मी ती वाचली नव्हती असं कुणी म्हणू नये. मी ती तपासली होती. मागच्या पानाचं इंग्रजी इतकं गचाळ आहे की पहिल्या महिन्यापासून मी लाल पेन्सिल घेऊनच बसत असे. व्याजाच्या परिच्छेदात सात चुका. "दरमहा साडेतीन टक्के" या शब्दांखाली माझीच लाल रेघ आहे, कारण पुढे पूर्णविराम नव्हता. एक बिल तर दुरुस्त करून बँकेला परत पाठवलं होतं. त्यांनी आभाराचं पत्रही पाठवलं. मेले.

शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, मुलगी ओळखावी ती तिच्या अक्षरावरून आणि हिशेबावरून. अक्षर अजून चांगलं आहे.

रडले नाही. चहा केला, तो गार झाला, तसाच प्यायले.

७ मार्च

आता काय करायचं ते लिहून काढते.

माझी एक ठेव आहे. ती मोडली तर हे सगळं एका दुपारी संपेल. पण ठेव मुलाच्या आणि माझ्या नावावर आहे, दोघांच्या सहीशिवाय मोडत नाही. सही मागितली की कारण सांगावं लागेल आणि कारण सांगितलं की कॉलेज सांगावं लागेल.

चार वर्षांपूर्वी चिरंजीवांनी माझा विम्याचा अर्ज भरला. शिक्षणाच्या रकान्यात मला न विचारता लिहिलं, 'शालेय'. मी म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, पदवी घेईन. तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाला हसतात तसा हसला. सूनबाईही हसली. त्या उन्हाळ्यात मी दोन गल्ल्यांपलीकडच्या कॉलेजात सकाळच्या तुकडीत नाव घातलं आणि दोघांना सांगितलं की वाचनालयात जाते. गेल्या महिन्यात पदवीदानात इतिहासाची पदवी मिळाली, पहिला वर्ग. प्रमाणपत्र कपाटात चादरींच्या खाली आहे. वाटलं होतं, कार्ड फिटलं की चौकट करून भिंतीवर लावीन आणि मग त्याला जेवायला बोलवीन.

तर तसंच होईल. उधारीची पदवी मी भिंतीवर लावणार नाही आणि ठेवीला हात लावणार नाही. माझं मी फेडीन.

१२ मार्च

बँकेच्या फोनवर तासभर संगीत ऐकलं. नंतर एक बाई आली. मी तिला माझं म्हणणं तीन मुद्द्यांत सांगितलं आणि चौथ्या मुद्द्यात तिचं वाक्य सुधारलं. तिने सांगितलं की उरलेली सगळी रक्कम बारा समान हप्त्यांत फिरवून मिळते, महिन्याला सव्वा टक्क्याने. दरमहा सात हजार तीनशे चौऱ्याहत्तर. ही सोय गेली तीन वर्षं होती का, असं विचारलं. होती, म्हणाली. मग सांगितली का नाही? तुम्ही विचारली नाहीत, मॅडम.

पेन्शनमधून चार हजार आजवर जातच होते. वरचे सुमारे साडेतीन हजार कमवायचे आहेत. वय सदुसष्ट.

२३ मार्च

रविवार, म्हणजे चिरंजीवांचा फोन. जेवलीस का, गुडघा कसा आहे, आणि मग अगदी सहज, "आई, ती ठेव अजून तशीच आहे ना?"

याला वास लागला की काय? म्हटलं, आहे, आणि मी मेल्यावर तुझीच आहे, तोवर चौकशा नकोत. मग म्हणाला, तसं नाही गं. मग कसं, ते काही बोलला नाही.

१ एप्रिल

खालच्या मजल्यावरची शिंपीण आज पायरीवर बसलेली दिसली. दुकान उघडं, यंत्र बंद. नवं शिवणयंत्र घेऊन पाच महिने झाले, मोटर जळली आणि कंपनी फोन उचलत नाही. तिला म्हटलं, पावती आण. टेबलाशी बसून पत्र लिहिलं. वकिलाच्या हाताखाली आयुष्य काढलं आहे. 'खेदाने कळवावे लागते' असं कधी लिहायचं आणि 'आपणास शेवटची संधी देण्यात येत आहे' असं कधी, हे मला झोपेतही सांगता येतं.

११ एप्रिल

कंपनीचा माणूस नवी मोटर घेऊन आला. शिंपीण वर आली आणि तीनशे टेबलावर ठेवले. मी नको म्हणणार होते. तोंड उघडलं आणि पैसे घेतले.

"बाई, तुमची जीभ फुकट वाया चाललीय," ती म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकांत निम्म्यांचं कुणाशी ना कुणाशी भांडण आहे. पाटी लावू?"

१४ एप्रिल

शिंपिणीच्या दारावर पाटी लागली, निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने: तक्रारपत्रं लिहून मिळतील. दर दोन. साधं तीनशे, कडक सहाशे. दर तिनेच ठरवले. म्हणाली, साधा शर्ट आणि अस्तराचा कोट एका भावात शिवतं का कुणी?

३० एप्रिल

नऊ पत्रं, त्यांत कडक पाच. लिफ्टवाले, चपलांचं दुकान, टूर कंपनी, आणि एक गृहस्थ, ज्यांना आपल्या सख्ख्या भावाला पत्र लिहायचं होतं. ते मी साध्या दराने लिहिलं आणि कडक शब्द सगळे काढून टाकले. पहिला हप्ता गेला. वर सातशे उरले. ते चहाच्या डब्यात.

१९ मे

हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिते.

चौकटीवाल्याच्या दुकानात गेले होते, नुसती किंमत विचारायला. त्याने शिसवी लाकडाची एक चौकट दाखवली. प्रमाणपत्र तिच्यात कसं दिसेल ते माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभं राहिलं. किंमत चार हजार. कार्ड पर्समध्ये होतंच. ते माझ्या हातात कधी आलं ते मला कळलं नाही. दुकानदाराने मशीन पुढे केलं आणि मी कार्ड धरून उभी. मग म्हटलं, चष्मा घरी विसरला. चष्मा नाकावर होता.

सरळ शिंपिणीकडे गेले आणि तिची मोठी कात्री मागितली. कशाला, म्हणाली. कार्ड कापायचंय. तिने कात्री छातीशी धरली.

"कापडाची कात्री आहे ही, बाई. कागद, प्लास्टिक कशाला लावायची नाही, धार जाते. माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी हात लावला नाही." मग खणातून जुनी कात्री काढून दिली. "ही घ्या. हिच्यावर मी राग काढते."

कार्डाचे आठ तुकडे केले. तिने काही विचारलं नाही, तरी मी सगळं सांगितलं. कॉलेजसुद्धा. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "पहिला वर्ग? आणि मला सांगितलं नाहीत?"

१५ जून

चिरंजीवांनी घर बदललं. तीन खोल्यांचं सोडून दोन खोल्यांत गेले. म्हणे उजेड जास्त येतो. मी म्हटलं, शहाणपण आलं म्हणायचं, झाडलोट कमी. मग वाढदिवसाचं बोलणं निघालं. या वर्षी त्याने मला काही पाठवलं नाही. मला बरंच वाटलं. दर वर्षी मिठाईचे महागडे डबे पाठवायचा. सूनबाईने हात आवरायला शिकवलं असेल. पोरगी दिसते त्यापेक्षा शहाणी आहे.

६ जुलै

पंधरा दिवसांत एक पत्र. लोक एकाएकी समाधानी झाले आहेत. मला भीती वाटते. हप्ता चुकला तर सव्वा टक्क्याची सवलत जाईल आणि पुन्हा साडेतीन. आज फोन हातात घेतला, मुलाला सांगून टाकावं म्हणून. त्याचाच फोन आला. बोलता बोलता मध्येच टुकटुक वाजायला लागलं.

"दुसरा फोन येतोय तुझा," मी म्हटलं. "उचल."

"नाही उचलायचा," तो म्हणाला.

"कुणाचा आहे?"

"कुणाचा नाही. आई, तू बोल ना."

आलेला फोन न उचलण्याचा उद्धटपणा आमच्या घरात नव्हता. त्यावर मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं आणि माझं सांगायचं राहून गेलं.

१९ जुलै

शिंपिणीने माझी पत्रं गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत घालायला सुरुवात केली आहे. म्हणजे पत्रं नाहीत, चिठ्ठ्या. "कुणावर चिडला आहात का? वरच्या मजल्यावर चौकशी करा." आज चार माणसं आली. एक तर चक्क शिंपिणीचीच तक्रार घेऊन आलं, बाही लांब झाली म्हणून. ते पत्र मी कडक दराने लिहिलं आणि खाली नेऊन तिच्याच हातात दिलं. तिने वाचलं, बाही आखूड करून दिली आणि म्हणाली, "अक्षर छान आहे."

१३ ऑगस्ट

सूनबाईचा फोन आला, तोही मधल्या वारी. परवा मी घरी नव्हते तेव्हा तिने शिंपिणीकडे फोन केला होता, तिथे पत्रांचं कळलं. मी म्हटलं, वेळ जावा म्हणून लिहिते. म्हणाली, एका मैत्रिणीला हवंय. मैत्रिणीच्या नवऱ्याने तीन कार्डं करून ठेवली आहेत. नोकरीत मध्ये चार महिने पगार मिळाला नाही, तेव्हा घर त्यांवरच चाललं. एकाचं देणं दुसऱ्याने फेडायचं, तिसऱ्यावर फक्त किमान रक्कम भरायची. आता तीही भरणं होत नाही. वसुलीवाले ऑफिसात फोन करतात.

ऐकून माझा पारा चढला. म्हटलं, किमान रक्कम म्हणजे काय ते त्या शहाण्याला कुणी सांगितलं नाही? शिकलेला आहे ना? मागचं पान वाचता येत नाही? (हे कोण बोलत होतं ते मला ठाऊक आहे. तरी बोलले.)

"आई, त्याने घरी कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "बायकोलासुद्धा मेमध्ये कळलं."

"मग मैत्रिणीला म्हणावं, त्याच्या आईने त्याला काय शिकवलं तेवढं विचार."

"विचारते," म्हणाली.

पत्र कडक लिहिलं. नावाची जागा मोकळी ठेवली. तिन्ही देणी एकत्र करून ठरावीक हप्ते द्यावेत, दंड माफ करावा, ऑफिसात फोन केल्यास वरिष्ठांकडे तक्रार केली जाईल. शेवटचा परिच्छेद मला स्वतःलाच आवडला: 'अर्जदार पैसे बुडवू इच्छित नाही. अर्जदार पैसे फेडू इच्छितो आणि आपण त्याला ते करू द्यावे, एवढेच मागणे आहे.' सूनबाईने विचारलं, घरच्यांना सूट आहे का? मी म्हटलं, मैत्रीण घरची नाही. सहाशे पूर्ण घेतले.

२८ सप्टेंबर

त्याने गाडी विकली. चालणं तब्येतीला बरं, म्हणे. वजन उतरलंय, असं सूनबाई म्हणाली. आवाजही उतरलाय, असं मला वाटलं. विचारलं, सगळं ठीक ना? ठीक, म्हणाला. तू ठीक ना? मीही ठीक म्हटलं. मग दोघंही गुडघ्याविषयी बोललो. त्या गुडघ्याला आता आराम पडला आहे, तरी आम्ही दोघं त्याला सोडत नाही.

२ नोव्हेंबर

डब्यात सतरा हजार. हप्ते वेगळे, ते चालूच आहेत. शिंपीण म्हणते, चहाच्या डब्याला आता कुलूप लावा. मी म्हटलं, चहा कुठे ठेवू?

१८ डिसेंबर

नववा हप्ता गेला. उरलेले तीन एकदम भरायचे म्हणून बँकेला फोन केला. आनंदाने केला, हे नमूद करते. तर म्हणे, मुदतीआधी फेडल्याबद्दल सहाशे सत्तेचाळीस आकार पडेल. उशिरा फेडलं तर दंड, लवकर फेडलं तर दंड, आणि वेळेवर फेडलं तर चौतीस महिने कुणी काही बोलत नाही.

कडक पत्र लिहिलं. गिऱ्हाईक मी स्वतः. सहाशे कुणाकडून घ्यायचे?

३ जानेवारी

आकार माफ झाला. एकवीस हजार पाचशे ऐंशी भरले. बँकेतली ती पाण्याची मुलगी होती. या खेपेला पाणी दिलं नाही, उठून उभी राहिली. देणं संपल्याचं पत्र तिथेच छापून दिलं. दोन ओळींत एक चूक आहे. पेन्सिल काढली होती, परत ठेवली.

येताना साधी चौकट घेतली, तीनशेची, रोख. खिळा शिंपिणीने ठोकला. मुलाला फोन करून म्हटलं, पुढच्या रविवारी जेवायला ये, काही दाखवायचं आहे. म्हणाला, मलाही काही सांगायचं आहे, एकटाच येतो.

११ जानेवारी

आला. बसने आला. खरंच वाळला आहे. दारातूनच भिंतीकडे पाहिलं, चपला न काढता पुढे गेला आणि प्रमाणपत्र खालपर्यंत वाचलं.

"हे कधी?"

"तू हसलास त्यानंतर."

तो खाली बसला. मी ठरवलं होतं की आधी जेवण, मग बोलणं. पण उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कार्ड, चौतीस महिने, लाल पेन्सिल, साडेतीन टक्के, पाटी. ठेवीचं का लपवलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं तो रागावेल किंवा पुन्हा हसेल. त्याने दोन्ही केलं नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी म्हटलं, अरे, फिटलंय ते सगळं, आता रडायचं काय त्यात?

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. माझंच पत्र. 'अर्जदार पैसे फेडू इच्छितो आणि आपण त्याला ते करू द्यावे.' मोकळ्या जागेत त्याचं नाव होतं, त्याच्याच अक्षरात. ते अक्षर मी त्याला शिकवलं आहे.

"मैत्रीण कुणी नव्हती, आई."

घर का बदललं, गाडी का विकली, तो न उचललेला फोन कुणाचा होता, मार्चमध्ये ठेवीचं विचारून तो गप्प का झाला होता, हे सगळं एकामागून एक माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी त्याला काय ऐकवलं होतं तेही. आणि सूनबाईला काय विचारायला सांगितलं होतं तेही.

म्हटलं, "तिने विचारलं का तुला? आईने काय शिकवलं ते?"

"विचारलं. मी म्हटलं, वेळेवर भरायला आणि कुणाला न सांगायला."



पत्राचा उपयोग झाला होता. दोन बँकांनी मान्य केलं आहे, हप्ते ठरले आहेत. तिसरी ऐकत नाही. उरलेलं पत्राने होणार नाही, सहीने होईल. मी कपाटातून ठेवीचा कागद काढला, पेन उघडलं आणि माझी सही केली. तो नको म्हणायला लागला. त्याला सांगितलं की हे फुकट नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या हातात आणून द्यायचं, ठरलेली पूर्ण रक्कम, किमान नव्हे. आणि सूनबाईला घेऊन यायचं, तिचे सहाशे परत करायचे आहेत.

"परत? तू?" तो म्हणाला.

"मैत्रीण घरची निघाली."

तेव्हा तो हसला. पूर्वी हसायचा तसा. सही केली.

मग मी त्याला खाली पाठवलं आणि शिंपिणीची जुनी कात्री मागून आणायला सांगितली, कापडाची नव्हे हे बजावून. तो येईपर्यंत त्याच्या पिशवीतली तिसऱ्या बँकेची बिलं काढून टेबलावर मांडली. इंग्रजी तसंच गचाळ. लाल पेन्सिल शेजारी होती. तिला हात न लावता मी मागचं पान उलटलं आणि आधी आकडे वाचले.